ताशेरे ओढणे म्हणजे नक्की काय?

बोरूबहाद्दर: पेपरात रोज दिसतं, हायकोर्टाने पालिकेवर ताशेरे ओढले, कॅगने (सरकारी हिशेब तपासणारी यंत्रणा) ताशेरे ओढले वगैरे. म्हणजे नुसती टीका का शिक्षा पण? आणि घरी आईने मला झापलं तर त्याला ताशेरे म्हणता येईल का?

कोर्टाची_पायरी: शिक्षा नाही. ज्याला काम तपासायचा अधिकार आहे त्याने कामातल्या चुकांवर मारलेले कडक शेरे म्हणजे ताशेरे, त्यामुळे दंड किंवा तुरुंग असं काही आपोआप होत नाही. पण हलक्यात घेऊ नका. निकालपत्रात एखाद्या अधिकाऱ्याविरुद्ध ताशेरे आले तर ते रेकॉर्डवर राहतात, म्हणून लोक ते काढून टाकायला वरच्या कोर्टात जातात. सुनावणीत जज नुसतं तोंडी बोलले तरी बातमीत ताशेरेच लिहितात, ते मला पटत नाही, तोंडी बोलणं म्हणजे आदेश नव्हे!

मायबोलीप्रेमी: आईचं ते ताशेरे नाही हो, ती खरडपट्टी, म्हणजे समोर उभं करून काढतात ती. कानउघाडणी त्याहून सौम्य, त्यात समजावणं असतं. वाभाडे काढणं मात्र चारचौघांत, त्याला अधिकार लागत नाही, कोणीही कोणाचेही काढतो. आणि असाच कडक टीकेसाठीचा दुसरा वाक्प्रचार, कोरडे ओढणे, त्यातला कोरडा म्हणजे चाबूक, सुका नाही, हे मुलांना शाळेत सांगायलाच हवं.

बोरूबहाद्दर: मग विरोधी पक्षनेत्याने सरकारवर ताशेरे ओढले हे चूक?

कोर्टाची_पायरी: सर्रास लिहितात, पण मी तिथे टीकेची झोड उठवली असंच लिहीन.