गेमचं व्यसन: मुलांचं नेमकं कुठे अडतं? जाणकारांनी लिहा

मांडवीकाठ: शेजारून मध्यरात्री "रिव्हाइव दे रे, रिव्हाइव दे!" (गेममध्ये पडलेल्याला पुन्हा उभं कर) ऐकू आलं आणि सप्टेंबर २०२० आठवला. पबजीवर बंदी आली, आयांना हायसं वाटलं, पोरं लगेच दुसऱ्या गेमवर. म्हणजे गाठ दुसरीकडेच आहे. शाळेत, दवाखान्यात, मोबाइलच्या दुकानात रोज हे बघणाऱ्यांनी लिहा.

समुपदेशक_फोंडा: नुसते तास मोजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंगच्या विकाराच्या तीन खुणा दिल्यात: खेळावर ताबा राहत नाही, गेमपुढे बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच. तेही साधारण १२ महिने. परीक्षेनंतर चार रात्री जागला म्हणून लगेच शिक्का मारू नये.

केपेंची बाय: +१. पण खरी अडचण दुपारची हो. बालरथ (शाळेची बस) घरी सोडतो, आई हॉटेलात शिफ्टला, वडील बोटीवर, पावसात मैदानभर चिखल. संध्याकाळपर्यंत पोराने बोलायचं कोणाशी? स्क्वॉडमधल्या, म्हणजे गेममधल्या टोळीतल्या तिघांशी. फोन काढून घेतला की ती सोबतच तुटते, म्हणून एवढा आकांत.

रात्रपाळी: जेवायला हाक कधी मारता तेही बघा. पबजीसारख्या गेममधल्या एरांगल नकाशावरची मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते. मध्येच उठलं तर रँकचे पॉइंट जातात, वर बाकीचे शिव्या घालतात. लॉबीत, म्हणजे मॅच सुरू व्हायची वाट बघत असतानाच सांगा, "ही झाली की जेवायला." आणि ते क्रेट, म्हणजे गेममधल्या बक्षिसांच्या बंद पेट्या! कधी काय निघेल ठाऊक नसतं, तिथेच मन अडकतं. दर वेळी ठरलेलं निघालं असतं तर पोरं कधीच कंटाळली असती.

मोबाइलवाला_म्हापसा: पैशांचं आधी बघा. प्ले स्टोअर, प्रोफाइल, सेटिंग्ज, तिथे प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. छोट्या रकमांच्या यूपीआय लाइटला पिन लागत नाही, मुलांच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते बंदच ठेवा. गूगलच्या फॅमिली लिंकवर (पालकांसाठीचं ॲप) झोपेची वेळ लावता येते. पण कपाटातला जुना फोन आधी उचला, लिमिट लागली की पोरं त्यावर जातात.

शेवंती: आयफोनवर?

मोबाइलवाला_म्हापसा: स्क्रीन टाइममध्ये जाऊन इन-ॲप पर्चेस बंद करा ताई. त्याचा पासकोड वेगळा ठेवा, फोनचा पोरांना पाठ असतो.

समुपदेशक_फोंडा: रागाच्या भरात गेमचा आयडी (खातं) डिलीट करू नका, वर्षांची मेहनत असते ती. दर आठवड्याला अर्धा तास कमी करा आणि त्याच वेळात फुटबॉल, तबला, काहीतरी माणसांतलं द्या. सुरुवातीला चिडचिड होणारच. पहिल्यांदा रात्रीची झोप सावरा. जिवाचं बरंवाईट करीन म्हणाला तर नाटक समजू नका; एकटं सोडू नका, बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात न्या. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मोफत.

केपेंची बाय: देव बरें करूं. नंबर लिहून घेतला.

शेवंती: मी पण.