मदत हवी आहे: गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात लेसर घ्यावा का? (बडोदा)

नमस्कार मंडळी. आईच्या उजव्या गुडघ्यातला मेनिस्कस (हाडांमधली गादी) फाटलाय, एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतंय. आमचं दांडिया बाजारातलं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना उतरताना तिचा गुडघा मध्येच अडकतो आणि ती कठडा धरून तशीच उभी राहते, बघवत नाही. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून फाटका भाग लेसरने काढू.

मी वाचलं ते असं: ऑपरेशनच्या वेळी सांध्यात सलाइन भरलेलं असतं, त्यात कार्बन डायऑक्साइड लेसर चालत नाही. २.१ मायक्रॉनचा होल्मियम लेसर चालतो, बारीक फायबरमधून अडचणीच्या जागीही पोचतो. पण त्याच्या उष्णतेने शेजारची कूर्चा दुखावू शकते, आणि लेसरनंतर हाडाचा भाग मृत झाल्याच्याही नोंदी आहेत. हे वाचून पोटात गोळाच आला. मला तरी साधा शेव्हर (फाटका भाग कापून काढणारं फिरतं पातं) बरा वाटतो.

बडोद्यात किंवा अहमदाबादेत कुणी गुडघ्याचं लेसरने करून घेतलंय का? सूज कधी उतरली, जिना कधी चढता आला? आईला मधुमेह आहे. दुसरं मत घ्यायला फक्त गुडघ्याचंच काम करणारे डॉक्टर कृपया सुचवा. पुढच्या आठवड्यात तारीख कळवायची आहे.