"तीनच टेस्ट पुरतात" म्हणे! मग माझ्या मामांचा ऊस सोडवून दाखवा

मार्कंडेयकाठ

परवा इथंच एका महाशयांनी लिहिलंय: "बायोलॉजीवाल्यांनी तीनच टेस्ट शिकाव्यात. दोन गट असले की टी-टेस्ट, जास्त असले की ॲनोव्हा, डेटा नॉर्मल नसला की मान-व्हिटनी. बाकी सगळा स्टॅटवाल्यांचा पोटापाण्याचा धंदा." (तिन्ही टेस्ट गटांतला फरक खरा का योगायोगाचा ते बघतात; नॉर्मल म्हणजे मधे दाट, कडेला विरळ असे घंटेसारखे पसरलेले आकडे.) खाली अंगठ्यांची रांग. आमच्या लॅबमधल्या पोरींनी त्याची प्रिंट काढून फ्रीजवर चिकटवलीय. म्हणून हे लांबड लावतोय.

माझं एमएस्सीचं काम उसातल्या हुमणीवर, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीवर. बेळगाव जिल्ह्यात अथणीकडं मामांचा दोन एकर ऊस. खालच्या एकरात मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) सोडलं, वरचा तसाच ठेवला. दोन्हीकडं वीस-वीस खड्डे काढून अळ्या मोजल्या. वीस विरुद्ध वीस, टी-टेस्ट, पी ०.००३ (औषधाचा काहीच परिणाम नसताना एवढा किंवा जास्त फरक नुसत्या योगायोगानं दिसायची शक्यता; ०.०५ च्या खाली आली की "सिग्निफिकंट" म्हणतात). गाइडना बेळगावचा गोड कुंदा नेऊन दिला. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी थीसिस बंद केला आणि एकच विचारलं, "खालच्या एकरात पाणी थांबतं का?"

थांबतं. पाटाचं पाणी आठ-आठ दिवस हटत नाही तिथं. आणि साचलेल्या पाण्यात हुमणी आपोआपच मरते. बुरशीनं मारली का पाण्यानं, हे माझ्या चाळीस खड्ड्यांना विचारून कळणारच नव्हतं. खड्डे चाळीस, पण औषध दिलेला तुकडा एक आणि न दिलेला एक. एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, वीस नव्हता, एक होता. हर्लबर्ट नावाच्या इकॉलॉजिस्टनं १९८४ सालीच याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणून नाव ठेवलंय, आम्हाला ते कुणी सांगितलं नाही.

आता सांगा, तुमच्या तिन्हीतली कुठली टेस्ट मला तारणार होती? आधी बघा औषध कशाला दिलं: रोपाला, वाफ्याला का अख्ख्या एकराला. ज्याला दिलं, ते मोजा. टेस्टचं नंतर.

तीनटेस्टवाला

ते महाशय मीच. नमस्कार.

तुमचं रडगाणं डिझाइनचं आहे, मी टेस्टबद्दल लिहिलं होतं. चिकोडीच्या गाडीत बसून खानापूर आलं नाही म्हणून कंडक्टरवर का ओरडताय? एमएस्सीच्या पोराला काम करायला मिळतात सहा महिने. त्यातले दोन परवानग्यांत जातात. तीन रेप्लिकेशन (तेच औषध तीन वेगळ्या वाफ्यांना) झाली तरी घरचे नारळ फोडतात. त्याला तुम्ही मिक्स्ड मॉडेलसारखं किचकट स्टॅट शिकवणार? टी-टेस्ट काढणारा गॉसेट गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होता. १९०८ साली "स्टूडंट" या नावानं छापली, आणि काढलीच मुळी थोडक्या नमुन्यांसाठी. त्याला चालतं, आम्हाला का नाही?

चष्मा_साडेतीन

तीन रेप्लिकेशनवर मान-व्हिटनी? कधी हातानं करून बघितलीय का?

सहा वाफे, तीन-तीनचे गट. ही टेस्ट नुसता लहान-मोठा क्रम बघते; औषधवाल्या तिघांना सहा जागांत बसवायच्या तऱ्हा एकूण २०. तुमचे औषधवाले तिन्ही वाफे सगळ्यात खाली आले, याहून चांगला निकाल शक्यच नाही. तरी दोन्ही बाजूंचा धरून पी २/२०, म्हणजे ०.१०. औषधवाल्यात शून्य अळ्या आणि शेजारच्या वाफ्यात शंभर निघाल्या तरी ०.१०च. देव आला तरी ०.०५ च्या खाली जाणार नाही. चार-चार घेतले तर तऱ्हा ७०, तेव्हा कुठं ०.०२९.

आणि "डेटा नॉर्मल नसला" म्हणजे काय हो? नॉर्मल रेसिड्युअल (गटाची सरासरी वजा करून उरलेले फरक) असायला लागतात. पाच आकड्यांवर शापिरो-विल्क (नॉर्मल आहे का ते तपासणारी टेस्ट) लावलीत तर तिला बहुतेक काहीच दिसत नाही, दोन हजारांवर लावलीत तर बारीकसारीक खोटही दिसते.

तीनटेस्टवाला

०.१० चं माहीत नव्हतं. देव्हाऱ्यात लावून ठेवतो. समाधान?

आरबीडी_आजोबा

धारवाडला शेतकी शिकलो, रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. तुम्ही पोरं पानसे-सुखात्मेंचं शेतीच्या स्टॅटचं पुस्तक उघडतच नाही. दोघंही आपलीच मराठी माणसं, सुखात्मे तर साताऱ्याकडच्या बुधचे. आयसीएआरनं (भारतीय कृषी संशोधन परिषद) १९५४ ला ते पुस्तक काढलं. आम्ही आरबीडीत (रानाचे पट्टे पाडून, दर पट्ट्यात चिठ्ठ्या टाकून ट्रीटमेंट वाटायच्या) सात ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन घ्यायचो, एरर डीएफ (चूक मोजायला उरणारे मोकळे आकडे) १२. अळ्यांची मोजणी असली की रूट एक्स प्लस हाफ (आकड्यात अर्धा मिळवून वर्गमूळ), टक्केवारी असली की आर्कसाइन (तसंच एक रूपांतर), मग सीडी ॲट फाइव्ह पर्सेंट (दोन सरासऱ्यांत निदान एवढा फरक हवा). ॲनोव्हात एकवीसच्या एकवीस वाफ्यांचा एरर एकत्र येतो, म्हणून तीनवर भागतं. जोड्या-जोड्यांनी मान-व्हिटनी करत बसलात की मराल.

आणि मामांच्या रानात उताराला आडवे पट्टे पाडायचे, दर पट्ट्यात औषधवाला आणि बिनऔषधाचा वाफा, चिठ्ठ्या टाकून. पाण्याचं भांडण बांधावरच मिटलं असतं. एवढं तुमच्या गाइडना सुचलं नाही?

चष्मा_साडेतीन

पट्ट्यांचं शंभर टक्के. रूटचं नाही. हुमणी पुंजक्यानं असते आजोबा, एका खड्ड्यात नऊ आणि पुढच्या पाचांत काही नाही. व्हेरियन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) सरासरीच्या कितीतरी वर. अशा पुंजक्यांच्या मोजणीसाठी निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल आहे ना आता, रूटची मलमपट्टी कशाला?

आरबीडी_आजोबा

आमच्या मलमपट्टीवर वाण निघाले. तुमच्या बायनॉमियलवर काय निघालं ते कळवा.

लॅबमधली_मावशी

मला वेगळंच छळतंय. "सिग्निफिकंट". आमच्या कामाची बातमी आली: "बुरशीमुळे उसाच्या उत्पादनात लक्षणीय वाढ". वाढ किती? हेक्टरी शंभर टनाला दोन टन. पी मात्र ०.०४. दुसऱ्या दिवशी चार शेतकरी दारात, बाटली द्या म्हणून. त्या दोन टनात मजुरीसुद्धा सुटत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१६ ला स्वच्छ लिहून दिलंय की परिणाम केवढा, ते पी-व्हॅल्यूवरून कळत नाही. पण "लक्षणीय" वाचल्यावर माणूस दुसरं काय समजणार?

खानापुरी

मावशी, कन्नड पेपरात तीच बातमी "गमनार्ह" म्हणून होती. गमन म्हणजे लक्ष. म्हणजे दोन्ही भाषांत चूक एकच, हिशेब फिटला.

टिळकवाडीकर

इथंही कन्नड आणलंच का? मराठीत "सार्थ" हा शब्द आहे, "सार्थकता पातळी" आहे, तो वापरा. आपल्याला आपल्या शब्दाची लाज वाटते म्हणून ही वेळ.

खानापुरी

काय सांगुलास रे! खानापुरात मराठी शाळेत शिकलोय मी. कन्नड पेपर वाचला म्हणून मराठी गळून पडतं काय? माझ्या सर्वेचे निम्मे फॉर्म कन्नडात आहेत, कारण निम्मे शेतकरी कन्नडात बोलतात. त्यांना जाऊन "सार्थकता पातळी" सांगून बघ तू. मराठीवाल्यांनाच सांग, बघू.

टिळकवाडीकर

आवाज चढवू नका. "हुमणी किती आहे" याचं उत्तर फॉर्मात काय आलं तेवढं सांगा, भाषेचं मग बघू.

खानापुरी

मराठीवाले म्हणाले "लई", कन्नडवाले "भाळ". दोन्हीला ४ दिले. "बरी आहे" ला ३. असं १ पर्यंत.

चष्मा_साडेतीन

आणि मग त्या १ ते ४ आकड्यांची सरासरी काढलीत?

खानापुरी

काढली. ३.२.

टिळकवाडीकर

३.२ म्हणजे लईच्या खाली आणि बरीच्या वर. सार्थ आहे.

चष्मा_साडेतीन

हसा. पण १ ते ४ हा नुसता क्रम आहे. "बरी" पासून "लई" किती लांब, ते कुणालाच ठाऊक नाही. इथं मान-व्हिटनी शोभते, फॉर्म भरपूर आहेत. घ्या तीनटेस्टवाले, तुमची तिसरी टेस्ट कामाला आली.

अमुक_तमुक

तुमचं शास्त्रार्थ चालू द्या. मी थीसिस बाइंड करायला गेले तर त्याच दुकानात "स्टॅट करून मिळेल" अशी पाटी. एक्सेल शीट दिली. काउंटरवरच्या दादानं मान वर न करता विचारलं, "पी किती पाहिजे?" मला वाटलं पानं विचारतोय. गाइडनीच पाठवलं होतं तिथं.

तीनटेस्टवाला

बघा! म्हणूनच लिहिलं मी तीन टेस्ट. मिक्स्ड मॉडेलच्या भीतीनं पोरं त्या दादाकडं जातात. तीन तरी स्वतःच्या हातानं कराव्यात, कुठला आकडा कुठून आला ते कळावं. पोटापाण्याचा धंदा मी त्या दुकानाला म्हटलं होतं, तुम्हाला नाही.

मार्कंडेयकाठ

दुकान आधी लिहिलं असतंत तर मी एवढं टायपलं नसतं. ठीक आहे, तीन चालतील. पण त्याच्या वर "खड्डे मोजू नका, वाफे मोजा" ही ओळ टाका, नाहीतर फ्रीजवरची प्रिंट मी फाडणार.

तीनटेस्टवाला

टाकतो. तुमच्या नावानं टाकतो, शिव्या तुम्हाला पडू देत.

आरबीडी_आजोबा

यंदा मामांच्या रानात पट्टे पाड. चिठ्ठ्या टाकायला मी येतो.

मार्कंडेयकाठ

यंदा मामांनी सोयाबीन पेरलंय आजोबा.

आरबीडी_आजोबा

हुमणी सोयाबीनचीही मुळं खाते. पट्टे पाड.