'स्ट्रिंग क्वार्टेट'ला मराठीत काय म्हणावं?

सोनटक्का: भाची फ्रान्समध्ये लिआँला संगीत शिकते. ती आणि वर्गातले आणखी तिघे मिळून फ्रेंच संगीतकार रावेलचं स्ट्रिंग क्वार्टेट वाजवतात, त्याचं ध्वनिमुद्रण तिने पाठवलंय. आजीला ऐकवण्याआधी हे काय आहे ते दोन ओळींत सांगायचंय, आणि हा प्रकार ज्यात मोडतो त्या 'चेंबर म्युझिक'पाशीच मी अडलोय. आमच्या सोसायटीत चेंबर म्हटलं की ते तुंबलेलंच असतं. 'कक्षसंगीत' म्हटलं तर आजी विचारेल, अतिदक्षता कक्षातलं का?

मंद्रसप्तक: मूळ फ्रेंच शब्द बघा, मजा आहे. चौदाव्या लुईच्या दरबारी वादकांचे तीन विभाग होते : शापेल, शांब्र आणि एक्युरी. म्हणजे प्रार्थनामंदिर, राजाची खासगी दालनं आणि चक्क पागा! पागेकडचे वादक मिरवणुकांत, उघड्यावर तुताऱ्या वाजवणार. शांब्रकडचे आत, मोजक्या माणसांसमोर. 'म्युझिक द शांब्र'मधला शांब्र तो हाच. पेशवाईतल्या कारकुनाने 'खासगीकडील वाजंत्री' असं लिहिलं असतं.

उगाच_एक: मग बैठकीचं संगीत म्हणा की!

मंद्रसप्तक: जवळ जातं, पण बैठकीत एक मुख्य आणि बाकीचे साथीला. इथे दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो. आणि साथीदार कोणीच नाही, चौघेही मुख्य.

सोनटक्का: व्हायोलावरून आठवलं. कार्यक्रमपत्रिकेवर भाचीच्या नावापुढे 'आल्तो' छापलंय. आमच्याकडे सगळ्यांना गाडीच आठवली.

मंद्रसप्तक: फ्रेंचात व्हायोलाला आल्तोच म्हणतात. इटालियनमध्ये 'आल्तो' म्हणजे उंच, आणि वाद्य मात्र व्हायोलिनपेक्षा खालच्या स्वरात बोलणारं!

रेघोट्या: 'क्वार्टेट'साठी चौकडी सरळ आहे, पण तिला आपल्याकडे चांडाळ चिकटलाय. शिवाय फ्रेंच 'क्वात्युऑर' रचनेलाही चालतो आणि वाजवणाऱ्यांनाही. संगीतकार दब्युसीचं १८९३ चं क्वात्युऑर ही रचना, तर १९९९ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं 'क्वात्युऑर एबेन' ही माणसं. (एबेन म्हणजे आबनूस. व्हायोलिनवर बोटं फिरतात ती काळी पट्टी त्याच लाकडाची.) मी माणसांना चौकडी म्हणेन, रचनेला चतुष्क. चांडाळ गेला उडत.

उगाच_एक: आणि 'तंतुवाद्य' नको. त्यात सतारही येते. ही गजाने (बोने) वाजणारी, म्हणून गजवाद्य.

रेघोट्या: रावेलचा दुसरा भाग ऐकलात का? सुरुवातच तारा बोटांनी छेडून होते, गज बाजूला. तंतुवाद्यच राहू दे.

मंद्रसप्तक: आजीला एवढं जरूर सांगा : १९०३ मध्ये हे पुरं केलं तेव्हा रावेल २८ वर्षांचा होता आणि अजून संगीतकार फोरेच्या वर्गात बसत होता. रचना गुरूलाच अर्पण केली आहे. म्हणजे विद्यार्थ्यानेच लिहिलेलं विद्यार्थी वाजवताहेत.

सोनटक्का: सांगितलं. शेवटी 'चौघांनी मिळून वाजवायची तंतुवाद्यांची रचना' असं लांबलचक झालं, चतुष्क तोंडात बसेना. आजीने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तबला कुणाकडे?"

मंद्रसप्तक: कुणाकडेच नाही. एकमेकांचा श्वास आणि पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्याची मान बघून सुरू करतात. आजींना शेवटचा भाग पुन्हा ऐकवा, त्यात बराच वेळ पाचाची लय आहे. टाळी देऊन बघतील त्या.