जायला आणि यायला सारखा वेळ लागत नाही
मुंबईहून अमेरिकेतल्या न्यूअर्कला (न्यूयॉर्कजवळ) विमानाने किती वेळ लागतो, यावर इथे एकाने १२,५०० किलोमीटरला ताशी ९०० ने भागून जायला-यायला दोन्हीकडून १४ तास असा हिशेब मांडलाय; तो प्रत्यक्ष वेळेला लागू पडत नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम. जाताना तो बराचसा तोंडावर, येताना पाठीशी. लेकीकडे गेलो तेव्हा समोरच्या पडद्यावर वेग ७८० दिसत होता, परतताना १०२०! जायला सोळा तास, यायला जेमतेम साडेचौदा.

आणि सांगलीकरांनो, विमानाआधीचा पेठ नाक्यावरून मुंबईपर्यंतचा पावणेचारशे किलोमीटरचा रस्ताही हिशेबात धराच. खंबाटकी घाटात दीड तास अडकलो, हिच्या पायांना सूज आली होती. वयस्कर माणसं सोबत असतील तर आदल्या दिवशी पनवेलला मुक्काम करा.