मदत हवी आहे: लिटल लीगमधले चार बॅटर, चौघांचे चार दोष

न्यू जर्सीत ९-१० वर्षांच्या मुलांच्या लिटल लीग (लहान मुलांचं बेसबॉल) संघाची बॅटिंग माझ्याकडे आहे. अकरा मुलं, आठवड्याला दोन सराव, प्रत्येकी सव्वा तास. पिचिंगचं (चेंडू फेकण्याचं) अंतर ४६ फूट. सगळ्यांना एकच ड्रिल दिलं की काहींना फायदा होतो, बाकीच्यांची चुकीची सवय आणखी घट्ट होते. या चौघांबद्दल नेमकं सांगा, चौघेही उजव्या हाताचे:

अ : ताकदवान. बहुतेक फटके तिसऱ्या बेसच्या बाहेर, म्हणजे डावीकडे रेषेपलीकडे फाउल.
ब : नजर उत्तम, वॉक (चार चुकीचे चेंडू सोडून फुकटचा पहिला बेस) भरपूर मिळवतो, पण दोन स्ट्राइक झाले (तिसऱ्याला बाद) तरी बॅट खांद्यावरच.
क : चेंडू सुटला की पुढचा पाय लेगला सरकतो.
ड : क्रिकेटमधून आलेला. गुडघ्याजवळचा चेंडू सणसणीत मारतो, छातीजवळचा हमखास हुकतो.

टी (चेंडू ठेवायची खुंटी), एल-स्क्रीन (टाकणाऱ्यापुढची संरक्षक जाळी), विफल बॉल (भोकांचा हलका प्लास्टिक चेंडू), टेनिस बॉल आहेत. मदतीला दोन पालक.

डगआउट (प्रतिसाद)
आधी क. टीवर ठेवलेला चेंडू मारताना पाय कुठे पडतो ते मातीतल्या ठशावरून बघा. तिथे सरळ पिचरच्या दिशेने पडत असेल आणि फक्त समोरून चेंडू येताना सरकत असेल, तर ती भीती आहे. टीवरही सरकत असेल तर पुढचा खांदा लवकर उघडण्याची सवय आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. भीती असलेल्या मुलाला "पाय सरळ टाक" असं शंभरदा सांगून काही होत नाही, कारण पाय तो मुद्दाम हलवत नसतो. त्याला चेंडू अंगावर घ्यायला शिकवा: पुढचा खांदा आत, तोंड कॅचरकडे (मागे बसलेल्याकडे), हनुवटी छातीला, बॅट खाली, चेंडू पाठीवर. हेल्मेट घालून, टेनिस बॉलने. स्वतःला वाचवता येतं हे कळलं की पाय आपोआप थांबतो. सवय असेल तर टाचांमागे खडूची रेघ मारा आणि टी प्लेटच्या (बॅटरजवळची जमिनीतली पांढरी पाटी) बाहेरच्या कडेला ठेवून चेंडू उजव्या मैदानात मारायला लावा. पायामागे बॅट आडवी ठेवतात तसं करू नका, घोटा मुरगळतो.

अ लवकर फिरवतोय. ताशी ४० मैलांचा चेंडू ४६ फूट यायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो, ५० मैलांचा साधारण ०.६. या वयात संथ पिचरच जास्त भेटतात आणि ताकदवान मुलाचं वजन तोवर पुढच्या पायावर गेलेलं असतं. एल-स्क्रीनमागून १५-२० फुटांवरून हात खालून आणून टॉस द्या, पण वेग सतत बदला. लक्ष्य एकच: दुसऱ्या बेसच्या उजवीकडे. त्याला हळू फिरवायला मात्र अजिबात सांगू नका. बॅटचा वेग हीच त्याची कमाई आहे, बिघाड वेळेत आहे.

बॉक्सस्कोअर (प्रतिसाद)
ब बद्दल. अशी मुलं चेंडू सुटल्यावर "मारू का?" हा विचार सुरू करतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. प्रत्येक चेंडूला तयारी मारायचीच हवी: पिचरचा पाय टेकताना हात मागे, छोटं पाऊल पुढे, आणि नकार शेवटच्या क्षणी. सरावात त्याचे फटके मोजू नका, पहिल्या स्ट्राइकवर बॅट फिरवली का एवढंच मोजा. दोन स्ट्राइकनंतर हात बॅटच्या खालच्या टोकापासून इंचभर वर आणि झोन (जिथला चेंडू स्ट्राइक धरतात ती जागा) प्लेटच्या दोन्ही बाजूंनी चेंडूभर मोठा धरायचा.

त्याची बॅटही तपासा. खालच्या एका हाताने बॅट बाजूला आडवी धरायला सांगा. १५-२० सेकंदांत टोक खाली आलं तर ती जड आहे. या वयाला बहुधा २८ इंच, १८ औंस पुरते. यूएसए बेसबॉलचा शिक्का हवाच, २०१८ पासून तो नियम आहे.

ड ची नजर आणि हात मोडू नका. क्रिकेटमध्ये पाय चेंडूच्या रेषेत जातो आणि बॅट उभी खाली येऊन चेंडूला खालून भिडते. इथे प्रत्येक चेंडू फुल टॉस, आणि लिटल लीगमध्ये झोन काखेपर्यंत. टी छातीच्या उंचीवर लावा, पाऊल चार-पाच इंचांचं आणि थेट पिचरकडे, मग मागचं कंबरेचं हाड पूर्ण वळू द्या. चेंडू वर उडत असेल तर बॅट अजून खालूनच येतेय.

उभं राहण्याची ढब मात्र कोणाचीच बदलू नका. जेफ बॅगवेल पाय फाकवून जवळजवळ बसायचा, केन ग्रिफी ज्युनियर ताठ उभा राहायचा, दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

डगआउट
आखणी अशी: टी, तिरका सॉफ्ट टॉस (बाजूने हळू टाकलेला विफल बॉल), फ्रंट टॉस (समोर एल-स्क्रीनमागून), आणि पिचरसमोर हेल्मेट घालून नुसतं उभं राहून चेंडू कॅचरच्या हातमोज्यात जायच्या आत "बॉल" की "स्ट्राइक" ओरडणं. चार ठिकाणी ३-३-३-२ मुलं, नऊ-नऊ मिनिटं. शेवटच्या ठिकाणी पालक लागत नाही, कॅचर पुरतो. एका वेळी आठ-दहाच स्विंग. थकल्यावर चुकीचीच सवय लागते. टीजवळ प्रत्येकाचं कार्ड ठेवा: टीची जागा आणि एकच सूचना.

धागाकर्ता
आभार. क चा पाय टीवर सरळच पडतो, म्हणजे भीतीच. टेनिस बॉल किती अंतरावरून टाकू?

डगआउट
२० फुटांवरून, हात खालून आणून, पाठीच्या उंचीवर. पहिले पाच सांगून टाका, नंतरचे पाच प्लेटवरून जाणाऱ्या चेंडूंत मिसळून. तो न सरकता वळू लागला की वरून टाका. खरा चेंडू अंगावर कधीच टाकू नका.