कंट्री संगीतातली काउगर्ल खरंच मुक्त आहे का?

माळरान
अमेरिकन कंट्री संगीतात ‘कुणाच्या बापाला न भिणारी काउगर्ल’ हे पात्र गेली नव्वद वर्षं चालतंय. माझं म्हणणं, हे स्वातंत्र्य झालरीच्या स्कर्टाइतपतच आहे. पॅट्सी मोंटानाचं १९३५चं ‘आय वाँट टू बी अ काउबॉइज स्वीटहार्ट’ घ्या. बाईने गायलेली, दहा लाखांवर खपलेली पहिली कंट्री रेकॉर्ड असा तिचा लौकिक. पण नायिका शीर्षकातच कुणाची तरी ‘स्वीटहार्ट’ व्हायला निघालीय. गायिका मूळची रुबी ब्लेव्हिन्स, आर्कान्सामधली. मोंटाना हे आडनाव घेतलेलं. नाव झालं ते शिकागोच्या रेडिओवरच्या ‘नॅशनल बार्न डान्स’मधून. तिथल्याच ‘गर्ल्स ऑफ द गोल्डन वेस्ट’ या दोघी बहिणी स्वतःला टेक्सासमधल्या म्युलशूच्या म्हणवायच्या, होत्या इलिनॉयच्या. ही सगळी कुरणं शहरातल्या स्टुडिओत उगवलेली.

खर्जातली
साफ असहमत. शीर्षकावरच अडकलात. कडवी बघा: तिला दोर फेकायला शिकायचंय, घोडा दामटायचाय, झोपलेल्या गुरांजवळ चांदण्यात डोकं टेकायचंय. काउबॉय बिचारा नावापुरता.

शिवाय तुम्ही नुसते शब्द वाचताय. मोकळीक आहे ती योडलमध्ये. छातीच्या आवाजातून एकदम वरच्या, पातळ आवाजात उडी मारायची आणि मधला सांधा मुद्दाम ऐकू द्यायचा. आपल्याकडे हाच सांधा लपवायला वर्षानुवर्षं रियाज करतात, म्हणून तयारीच्या गळ्यांनाही हे जड जातं. खालचा सूर ‘ओ’ किंवा ‘आ’वर, वरचा ‘ई’ किंवा ‘ऊ’वर. पट्टी अशी घ्यायची की उडीचे दोन्ही सूर सांध्याच्या दोन बाजूंना पडतील. पट्टी फार खाली गेली तर दोन्ही छातीतच राहतात आणि नुसतं ‘ओ-लेई’ ऐकू येतं. मींड घेतलीत तर सूर घसरतो, तुटत नाही. आणि खालचा सूर ओरडून लावलात की सांधा वर सरकतो, पुढची उडी फसते. आधी दोनच सूर, अगदी संथ, अक्षरं नंतर.

कंट्री गायक जिमी रॉजर्सने १९२७पासून ‘ब्लू योडल’ गाजवलं, तेव्हा ते पुरुषी दुःखाचं हत्यार होतं. पॅट्सीने ते आनंदासाठी वापरलं. हे पोशाखाने होत नाही.

झुडपातला_ससा
अवांतर: १९३५ म्हणजे मुंबईत ‘हंटरवाली’ आला तेच साल. नाडियाबाई, घोडा, चाबूक!

खर्जातली
@ससा, निव्वळ योगायोग. पण छान आहे.

रिकीब
दोघांनीही खरी काउगर्ल बाजूला ठेवलीय. फॅनी स्पेरी स्टील ही खरोखरच मोंटानाची. १९१२च्या कॅलगरी स्टॅम्पीड या कॅनडातल्या रोडिओत (गुराख्यांच्या कसबांच्या स्पर्धांत) उसळ्या मारणाऱ्या घोड्यावर टिकण्याची बायकांची स्पर्धा तिने जिंकली, तीही रिकिबी न बांधता. त्या काळी बायकांना दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधायची मुभा होती. त्याने पाय हलत नाहीत, बसायला सोपं जातं. पण घोडा कोसळला की पाय सुटत नाही आणि स्वार त्याच्याबरोबर जातो. १९२९ साली अमेरिकेतल्या पेंडलटनच्या रोडिओत बॉनी मॅकॅरोल या स्वाराचं हेच झालं, त्यात ती दगावली. पेंडलटनने रिकिबी बांधणं नाही, बायकांची स्पर्धाच बंद केली, आणि हळूहळू इतरांनीही.

आता तारखा जुळवा. १९२९ला बाई रिंगणातून बाहेर, १९३५ला रेडिओवर. गाण्यातली काउगर्ल मोकळी वाटते, कारण खरीला घरी पाठवलं होतं.

तीन_पिंपं
घरी पाठवलं होतं, पण त्या बसल्या नाहीत. १९४८ साली सॅन अँजेलो, टेक्सास इथे ३८ जणींनी गर्ल्स रोडिओ असोसिएशन काढली. आजची बॅरल रेसिंग, म्हणजे पिंपांना वळसे घालत घोडा पळवायची शर्यत, तिच्याच आधाराने उभी राहिली.

‘नुसतं पिंपांभोवती पळणं’ असं कुणी म्हणण्याआधी: तीन पिंपं त्रिकोणात. पहिल्या दोघांत ९० फूट, तिसरं दोघांपासून १०५ फूट, सुरुवातीची रेघ पहिल्या दोघांपासून ६० फूट. पिंप पडलं की ५ सेकंदांचा दंड, म्हणजे स्पर्धा संपलीच, कारण निकाल शतांश सेकंदावर लागतो. बहुतेकदा पिंप पडतं ते वळण लवकर घेतल्याने. स्वार पिंपाकडे बघते, घोडा आतला खांदा टाकतो आणि तिचा गुडघा पिंपावर आपटतो. वळणात शिरताना चार-पाच फूट जागा सोडून नजर पुढच्या वाटेवर ठेवावी लागते.

कंट्री गायिका रीबा मॅकेन्टायर हीच स्पर्धा खेळायची. १९७४ साली ओक्लाहोमा सिटीत नॅशनल फायनल्स रोडिओला तिने राष्ट्रगीत म्हटलं, ते गायक रेड स्टीगलने ऐकलं आणि कंट्री संगीताच्या राजधानीचं, नॅशव्हिलचं, दार उघडलं. हिचाही पोशाखच का?

माळरान
रीबा मान्य. पण तिने नाव कशावर कमावलं? परगावी जाणाऱ्या नवऱ्याचा संशय येणारी बायको, मोडलेली लग्नं. घोड्यावरची बाई नव्हे.

रिकीबच्या मुद्द्याला माझी पुस्ती. कंट्री गायिका लॉरेटा लिनचं गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं १९७५ला आलं, तेव्हा कित्येक रेडिओ स्टेशनांनी ते लावायला नकार दिला. काउगर्लच्या गाण्याच्या वाट्याला असं काही आलेलं दाखवा. ती सूर्यास्ताकडे निघून जाते, कुणाच्या घरात भांडण लावत नाही. म्हणून ती सगळ्यांना चालते.

खर्जातली
डिक्सी चिक्स, बायकांचा कंट्री बँड. १९९०चा पहिला अल्बमच पडद्यावरची काउगर्ल डेल इव्हान्सच्या नावाने, सुरुवातीला अंगावर पूर्ण काउगर्ल पोशाख. २००३ला लंडनच्या मंचावरून राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध बोलल्या आणि कंट्री स्टेशनांनी त्यांची गाणी काढून टाकली.

माळरान
तोपर्यंत झालरी उतरवून त्यांना बरीच वर्षं झाली होती. आणि बंदी आली ती बोलण्यावर, गाण्यावर नाही.

तीन_पिंपं
बरं, मग २००८चं ‘काउगर्ल्स डोन्ट क्राय’? ब्रुक्स अँड डन ही गायकजोडी आणि सोबत रीबा. पोरगी तट्टावरून पडते, उठते, परत बसते. इथे तर खरी बॅरल रेसर गातेय.

रिकीब
गातेय खरी. पण ‘काउगर्ल रडत नाही’ हे तिला पहिल्यांदा सांगतो कोण? बाप.